साताऱ्यात ईव्ही घ्यायची, तर चार्जिंगचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाहूपुरीत अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये स्वतःची जागा, पण तिथे प्लग नाही आणि सोसायटी लावू देत नाही. नोकरी कोरेगावला, म्हणजे जाऊन-येऊन रोज 40 किलोमीटर. महिन्यातून दोनदा पुणे. आईवडिलांना वर्षातून एकदा कासला न्यायचं. ॲपवर सातारा आणि हायवे मिळून बरेच चार्जर दिसतात, तर त्यांच्या भरवशावर इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

मी साताऱ्यातला लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. बावीस वर्षं बंगले, गाळे, मंगल कार्यालयं यांची वायरिंग केली. 2021 पासून गाड्यांचे चार्जर बसवतो आणि दोन ऑपरेटरांची, म्हणजे सार्वजनिक चार्जर चालवणाऱ्या कंपन्यांची, देखभालही बघतो. म्हणजे तुम्हाला ॲपवर जे हिरवे ठिपके दिसतात, त्यातल्या काहींची केबल मी ओढलेली आहे, आणि ते बंद पडले की फोन मला येतो.

तुमचं उत्तर: चालेल, पण रडतखडत. तुमचं निम्मं डोकं गाडीत आणि निम्मं बॅटरीच्या टक्क्यांत राहील. तेवढाच त्रास एकदाच सोसायटीशी बोलण्यात घालवलात तर पुढची दहा वर्षं सुखाची जातील. असं का म्हणतो ते सांगतो.

आधी ते ठिपके. दिसायला सगळे सारखेच, पण आतून वेगवेगळ्या जातीचे. त्यातला एखादा गाड्यांच्या शोरूमच्या आवारातला असतो. संध्याकाळी सात-साडेसातला गेट बंद, रविवारी बंद, आणि दिवसाही त्यांची डिलिव्हरीची गाडी लागलेली असेल तर तुम्ही थांबायचं. एखादा 3.3 किलोवॅटचा एसी, म्हणजे घरच्या विजेवरचा सावकाश पॉइंट असतो, जिथे तासाला जेमतेम तीन युनिट जातात. तिथे चहा पिऊन होईपर्यंत तुमचे पाच किलोमीटर भरतील. आणि एखादा तर चक्क इतिहासजमा असतो. सुरुवातीला सरकारी खात्यांसाठी ज्या इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या गेल्या, त्या 15 किलोवॅटच्या 'भारत डीसी' चार्जरवर चालायच्या. त्या चार्जरची गन, म्हणजे गाडीत खुपसायचं केबलचं टोकच वेगळं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या गाड्यांना सीसीएस-2 गन लागते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी इमारतीच्या मागे असा एक जुना चार्जर मी स्वतः पाहिलाय. ॲपवर 'उपलब्ध' दिसतो, आणि खरंच उपलब्ध आहे. वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावलेला नाही, कारण त्याची गन कुठल्या नव्या गाडीत शिरतच नाही. पत्र्याच्या पेटीत मुंग्यांनी घर केलं होतं.

हे वगळलं की कामाचे उरतात ते 25, 30 किंवा 60 किलोवॅटचे डीसी, म्हणजे झटपट भरणारे चार्जर, आणि ते बहुतेक हायवेच्या हॉटेलांत आणि पंपांवर. तेही नीट बघून घ्या. राष्ट्रीय महामार्ग 48 वर नकाशा सांगतो '300 मीटरवर चार्जर', पण तो डिव्हायडरच्या पलीकडे असतो. तुम्ही कोल्हापूरकडे तोंड करून, तो पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला. मग पुढचा भुयारी मार्ग शोधा, सर्व्हिस रोडने उलटे या. बॅटरी 6 टक्क्यांवर असताना हा प्रकार फार महागात पडतो.

आता आकड्यांची एक गंमत. 60 किलोवॅटच्या चार्जरला बहुधा दोन गन असतात, आणि ॲप दोन गन मोजतं. पण आतली ताकद मिळून 60 असते. तुमच्या शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना 30-30. पाऊण तासाचं गणित करून बसलेला माणूस मग सव्वा तास बसतो आणि चार्जरला शिव्या घालतो. चार्जरचा काही दोष नसतो, तो ठरल्याप्रमाणेच वागत असतो. उलट, तुम्ही टियागोसारखी लहान गाडी 60 च्या चार्जरवर लावली तरी ती 25 किलोवॅटच्या पुढे फारशी जात नाही, कारण किती घ्यायचं ते गाडीच ठरवते. आणि 80 टक्क्यांनंतर सगळ्याच गाड्या हात आखडता घेतात. रांग असताना 95 टक्क्यांपर्यंत गाडी लावून ठेवणारी माणसं मला लग्नात तिसऱ्यांदा जिलबी मागणाऱ्यांसारखी वाटतात, पण असो.

मग हे चार्जर बंद का असतात? लोकांना वाटतं मशिन खराब. मी गेल्या वर्षी ज्या तक्रारींवर धावलो, त्यात मशिनचा खरा दोष फार कमी वेळा निघाला. एक प्रसंग सांगतो. रविवारी संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला, की हायवेच्या एका हॉटेलातला चार्जर दुपारपासून मेलाय, चार गाड्या येऊन परत गेल्या. मी मीटर, टेस्टर, सुटे फ्यूज सगळं घेऊन अठरा किलोमीटर गेलो. चार्जरच्या पुढच्या बाजूला लाल टपोरं बटण असतं, आणीबाणीत दाबायचं. ते आत दबलेलं होतं. कुणाच्या तरी पोराने आईस्क्रीम खाता खाता दाबलं असणार. ते बटण एकदा दाबलं की आपोआप वर येत नाही, उजवीकडे पिळावं लागतं. मी पिळलं, टक्क आवाज आला, स्क्रीन पेटली. जायला-यायला छत्तीस किलोमीटर आणि काम दोन सेकंदांचं. हॉटेलच्या मॅनेजरला, वॉचमनला, शेवटी पाववाल्याला सुद्धा दाखवून आलो की हे असं पिळायचं. तीन महिन्यांनी मॅनेजर बदलला, वॉचमन बदलला, आणि परत फोन.

तुम्ही कधी अडकलात तर हे लक्षात ठेवा. स्क्रीन लाल किंवा बंद असेल तर आधी ते बटण बघा, कुठे जळकट वास किंवा धूर नाही ना याची खात्री करा, आणि ऑपरेटरच्या नंबरवर सांगून मग पिळा.

बाकीची कारणंही अशीच साधी. चार्जर सुरू करायला त्याला इंटरनेट लागतं, आणि ते आतल्या सिमकार्डावर चालतं. पत्र्याच्या शेडमध्ये, डोंगराच्या आडोशाला रेंज गेली की वीज आहे, गाडी आहे, चार्जरही ठणठणीत आहे, पण ॲप म्हणतं 'ऑफलाइन'. लाइनच्या टोकाला असलेल्या हॉटेलात उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं आणि मध्यरात्री भार उतरला की इतकं वर जातं की चार्जर स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. मग सकाळी कुणीतरी एमसीबीचा पडलेला खटका उचलेपर्यंत बंद. हायवेच्या धुळीने मागच्या पंख्यांच्या जाळ्या बुजतात. मशिन तापतं आणि 60 ऐवजी 18-20 किलोवॅट देत बसतं. मे महिन्यात मी एका जाळीतून इतकी माती झटकली होती की कुंडी भरली असती. महावितरणचा आठवड्याचा देखभालीचा वार असतो, त्या दिवशी त्या फीडरवरचं, म्हणजे त्या वीजलाइनवरचं सगळंच शांत. हॉटेलाला जनरेटर असला तरी तो फ्रीज आणि दिव्यांपुरता, चार्जर त्यावर जोडलेला नसतो.

आणि एक कारण विजेचं नाही, माणसांचं आहे. जागा हॉटेलवाल्याची, मशिन ऑपरेटरचं, युनिटमागे ठराविक वाटा ठरलेला. वाटा वेळेवर मिळाला नाही की हॉटेलवाला चार्जरपुढे टेबलं मांडतो. हॉटेल भाड्याने दुसऱ्याकडे गेलं की नव्या माणसाला त्या पेटीचं काही देणंघेणं नसतं. अशा चार्जरची ॲपवरची नोंद मात्र वर्षभर जिवंत राहते.

तुम्ही म्हणाल, मग शहराच्या मध्यावर, पोवई नाक्यावर किंवा राजवाड्याजवळ चार्जर का लावत नाहीत? मीही एकाला हेच सुचवलं होतं. त्याने कागद काढून हिशेब मांडला, आणि मी गप्प बसलो. हायवेच्या हॉटेलात जागा आहे, संडास आहे, चहा आहे, रात्रभर वॉचमन आहे, आणि नवी डीपी (ट्रान्सफॉर्मर) बसवायला मागे मोकळं रान आहे. राजवाड्याजवळ दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथे दोन गाड्या पाऊण-पाऊण तास कुठे उभ्या करणार? पेठांमधल्या डीप्या आधीच भरलेल्या. वर गिऱ्हाईक कोण, तर शहरातला गाडीवाला. तो रात्री घरी चार्ज करतो, महिन्यात एखाद्या वेळी बाहेर लावतो. एका गाडीत सरासरी 20 युनिट जातात असं धरलं आणि युनिटमागे सहा-सात रुपये सुटले, तर गाडीमागे एकशेवीस-एकशेचाळीस. दिवसाला दोन गाड्या आल्या तर त्यातून कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार, इंटरनेट आणि माझ्यासारख्याची पेट्रोल टाकून केलेली फेरी, काहीच निघत नाही. हायवेवर शनिवारी एका दिवसात दहा-बारा गाड्या लागतात. पैसा तिकडे जाणार, हे उघड आहे. लहान शहरातला गाडीवाला घरी चार्ज करतो म्हणून बाहेरचा चार्जर उपाशी राहतो, आणि तो उपाशी राहतो म्हणून दुसरा कोणी लावत नाही.

सरकारी कागदावर आपण कुठे बसतो तेही सांगतो, कारण 'सरकार लावेलच की' असं बरेच जण म्हणतात. केंद्राने एप्रिल 2018 मध्ये खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यामुळे त्याला परवाना लागत नाही. पुढे डिसेंबर 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत शहरांसाठी 3 किलोमीटर बाय 3 किलोमीटरच्या चौकोनात किमान एक चार्जिंग स्टेशन, आणि महामार्गावर दर 25 किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक, असं माप ठरलं. आता पोवई नाका ते राजवाडा अंतर दोन किलोमीटर. म्हणजे जुनं सातारा जवळजवळ एका चौकोनात मावतं. एक चार्जर लागला की तेव्हाचं माप पुरं! मोठ्या शहरासाठी आखलेलं जाळं लहान शहरावर टाकलं की असं होतं.

राज्याचं 2021 चं धोरण आलं तेव्हा 2025 पर्यंतची उद्दिष्टं शहरवार दिली होती: मुंबई 1,500, पुणे 500, नागपूर 150, नाशिक 100, औरंगाबाद 75, अमरावती 30, सोलापूर 20. यादी तिथे संपते. सातारा, सांगली, रत्नागिरी, लातूर यांची नावंच नाहीत. 2023 मध्ये केंद्राने तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना पंपांवर 7,432 चार्जिंग स्टेशनांसाठी 800 कोटी मंजूर केले. त्याचा फायदा आपल्याला झाला तो हायवेवरच्या पंपांच्या रूपाने. 2025 च्या नव्या राज्य धोरणातही राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला स्टेशन हाच जोर आहे. मला यात वाईट काही दिसत नाही. बाहेरगावी जाणाऱ्याला रस्त्यावर चार्जर लागतोच. फक्त तो तुमच्या रोजच्या कोरेगावच्या फेरीसाठी मांडलेला नाही, हे ओळखून घ्या.

आणि तुमची रोजची फेरी बघा ना. मधली गाडी धरू, 30 युनिटची बॅटरी. आपल्याकडच्या रस्त्यांवर युनिटला 7 किलोमीटर धरा, एसी लावून. रोज 40 म्हणजे सहा युनिटच्या आसपास. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर हे दोन तासांचं काम. रात्री जेवून लावलं की झोपायच्या आत झालं. हेच बाहेर करायचं तर 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांपर्यंत 18 युनिट, म्हणजे तीन दिवसांची फेरी. आठवड्यातून दोनदा वाढे फाट्याकडे किंवा हायवेला जा, पाऊण तास बसा, दुसरी गाडी लागली तर आणखी बसा. दर युनिटला वीस रुपयांच्या पुढेमागे, त्यावर 18 टक्के जीएसटी. किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या जवळ जातं. पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण जी बचत सांगून शोरूमवाल्याने तुम्हाला गाडी दाखवली, तिच्यातली निम्मी तिथेच गेली.

म्हणून सोसायटी. तुमच्या हातात आता एक चांगला कागद आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. सोसायटीत राहणाऱ्या ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. त्याची छापील प्रत घेऊन जा, पण भांडायच्या सुरात नको. चेअरमनला काका म्हणत असाल तर काकाच म्हणा. कमिटीच्या मनात खरी भीती दोन गोष्टींची असते: आग लागेल, आणि उद्या सोळाच्या सोळा फ्लॅटनी मागितलं तर काय?

दुसरीचं उत्तर आधी, ते सोपं आहे. सोळा गाड्या एकाच वेळी 3.3 किलोवॅटने लागल्या तर 53 किलोवॅट होतात, हे खरं, आणि तुमची डीपी ते झेपवणार नाही. पण गाडीला रोज दोन तासच लागतात आणि रात्र मोठी असते. आज एक गाडी आहे. पाच झाल्या की वेळा वाटून घ्या, दहा झाल्या की महावितरणकडे एकत्र भारवाढ मागा. पाण्याचा टँकर मागवायची वेळ येते तशी ही गरज एका रात्रीत येत नाही.

आगीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, ती रास्त आहे. फक्त ती चुकीच्या जागी आहे. लोक बॅटरीला घाबरतात. मी जळालेलं जे पाहिलंय ते सॉकेट. घरातला 15 अँपिअरचा प्लग गीझरसाठी दहा मिनिटं चालतो. गाडी त्यातून सलग तीन-चार, कधी आठ तास पूर्ण ताकदीने ओढते. स्वस्त सॉकेटची आतली पट्टी सैल असली की तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वितळतं. प्लग काढताना पिना चटका देण्याइतक्या गरम लागल्या तर त्या रात्रीपासून तो सॉकेट बंद, दुसरा विचारच नको. आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली वायर सोडून, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून चार्ज करणारे मी पाहिलेत. सोसायट्या यांच्यामुळेच बिथरतात.

तुमच्याकडे काय करावं लागेल ते सांगतो. शाहूपुरीतल्या बहुतेक इमारतींत मीटर जिन्याखाली असतात, म्हणजे तुमच्या जागेपर्यंत केबल पंधरा-वीस मीटर. 4 किंवा 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, पाइपमधून. मीटरशेजारी 30 मिलिअँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. पार्किंगला झाकणाचा इंडस्ट्रियल सॉकेट, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, कारण पावसाळ्यात स्टिल्टमध्ये पाणी येतं. आणि स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा. माझ्याकडे वर्षभरात अशी जी कामं झाली ती 12 ते 20 हजारांत बसली. बिलावरचा मंजूर भार बघा. बऱ्याच फ्लॅटना तो एक-दोन किलोवॅटच असतो, त्यात गाडी बसत नाही, वाढवून घ्यावा लागतो. मीटर घरचाच वापरायचा की वेगळा घ्यायचा, हे बिल समोर ठेवून ठरवा. महावितरणच्या घरगुती दराला 100 युनिटला एक पायरी आहे आणि 300 ला दुसरी. तुमचं घर 90 युनिटवर असेल आणि गाडीचे महिन्याला दीडशे-पावणेदोनशे त्यात पडले, तर शंभराच्या वरचं सगळं महाग दराने जातं. वाहन चार्जिंगची दरश्रेणी वेगळी आहे. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार धरूनही पुष्कळांना ते परवडतं.

अर्थिंगवर थोडं जास्त बोलतो, कारण यात जीव जाऊ शकतो. मागच्या वर्षी जावळीतल्या एका गावात पुण्याहून लग्नाला आलेली गाडी अडकली. बॅटरी 9 टक्के, सातारा लांब. गावातल्या वायरमनने पिठाच्या गिरणीतून प्लग काढून दिला, तर गाडीच्या चार्जरच्या डबीवर लाल दिवा. घरात लावला, लाल दिवा. मंदिरात लावला, तिथेही तेच. मला फोन आला. मी म्हटलं अर्थिंग बघा. गिरणीची मोटर तीन फेजवर चालते, तिला अर्थ असो-नसो, फिरतेच. गाडी मात्र अर्थ तपासते आणि नसेल तर वीज घेतच नाही. ती शहाणी आहे. वायरमन म्हणाला, 'साहेब, न्यूट्रललाच अर्थची पिन जोडून देतो, लगेच हिरवा होईल.' होतो, खरंच हिरवा होतो. आणि त्याच क्षणी कुठेतरी न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रल उलटे लागलेले असले तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. दाराला हात लावणारा खलास. मी फोनवर ओरडलोच. शेवटी पंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नीट अर्थिंग निघालं, तिथे गाडी रात्रभर लागली. कुणीही कितीही सहज म्हणालं, तरी हा जुगाड करू देऊ नका.

याच कारणाने बाहेरगावी अडलात तर मी मंगल कार्यालय शोधा म्हणतो. तिथे भार मोठा मंजूर असतो, केटरर आणि डेकोरेशनवाल्यांसाठी दणकट सॉकेट असतात, अर्थिंग बहुधा बरं असतं, आणि लग्नाची तिथी नसेल तर आवार रिकामं. मॅनेजरला युनिटचे पैसे सांगून विचारलं तर नाही म्हणणारा मला अजून भेटला नाही.

आता पुणे. अंतर 110 किलोमीटरच्या आसपास, मध्ये खंबाटकी. घरून पूर्ण भरून निघालात तर 30 युनिटची गाडी निम्मी बॅटरी राखून पोचते. परतीचं चार्जिंग पुण्यातच, तुमचं जिथे काम असेल तिथे करा. हायवेचा चार्जर राखीव समजा. तो वापरायची वेळ आलीच तर वार आणि तास बघा: शनिवारी सकाळी पुण्याहून खाली येणारे, रविवारी पाच ते नऊ परत जाणारे, आणि गणपतीच्या आधीचे चार दिवस तर कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरणारे. मंगळवारी दुपारी याच चार्जरवर कुत्री झोपलेली असतात. निघण्याआधी ॲपमध्ये फक्त हिरवा रंग बघू नका. शेवटची गाडी कधी लागली ती वेळ काही ॲप दाखवतात, ती बघा. काल लागली असेल तर चार्जर जिवंत आहे. पंधरा दिवसांत कोणीच लागलं नसेल तर तो दिखाऊ आहे असं धरून चाला. हॉटेलचा नंबर असेल तर फोन करून 'चार्जर चालू आहे का' असं विचारू नका, 'आज कुणी लावला का' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. आणि एकाच ऑपरेटरच्या ॲपवर राहू नका. दोन-तीन ॲपमध्ये आधीच शे-दोनशे रुपये भरून ठेवा, रस्त्यावर ओटीपी यायची वाट बघणं नको.

दुचाकीवाल्यांसाठी एवढंच, की स्कूटरच्या फास्ट चार्जरची गन कंपनीनुसार बदलते. एथर आणि विडाची एकमेकांना चालते, ओलाची वेगळी. पण साताऱ्यात स्कूटर कोण रोज बाहेर चार्ज करतो? घरचा प्लग पुरतो.

राहिलं कास. घाबरण्यासारखं काही नाही. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर आणि चढ साधारण साडेचारशे-पाचशे मीटरचा. माणसं धरून पावणेदोन टनांची गाडी एवढी वर चढवायला लागणारी जादा ऊर्जा दोन-सव्वादोन युनिट भरते. सपाटीचा खर्च साडेतीन युनिट. म्हणजे वर जाताना सहा युनिटच्या आसपास, आणि यवतेश्वरचा घाट उतरताना गाडी त्यातलं काही परत बॅटरीत भरते. 50 टक्क्यांवर निघालात तरी आरामात जाऊन याल. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी वर तासन्‌तास खोळंबा होतो, पण थांबलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा खर्च एसीपुरताच, आणि सप्टेंबरात कासला एसी लावायची वेळ येत नाही.

सोसायटीच्या मीटिंगला जाण्याआधी मीटररूमचा एक फोटो, पार्किंगपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून, आणि वीजबिलावरचा मंजूर भार, एवढं कळवा. केबलचा मार्ग आणि खर्चाचा कागद मी काढून देतो. कमिटीपुढे हातात कागद असलेला माणूस आणि नुसतं विचारणारा माणूस, दोघांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.